१४९ डॉलरची चिप आणि सांध्यांचा लढा : स्वस्तात डेस्कटॉप सुधारण्याचा इतिहास

१/२४
२४ ऑगस्ट १९९८. इंटेल कंपनीने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. पहिला पेंटियम-२ : वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए : वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. एक भरल्या खिशासाठी, दुसरा बेताच्या खिशासाठी, अशी सरळ वाटणी होती. थोड्याच काळात ती वाटणी मोडली, आणि ती मोडली स्वतःच्या हातांनी संगणक जोडणाऱ्या हौशी ग्राहकांनी.

२/२४
हे कसे घडले, याचे उत्तर १९९८च्या बरेच मागे सापडते. संगणकाचा एखादा भाग काढून नवा बसवावा आणि बाकीचे तसेच वापरावे, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. वस्तुतः ती सोय कोणी ठरवून दिलेली नव्हती. ती घाईतून जन्मली, कायद्याच्या कसोटीवर टिकली आणि अनेकदा हातची जाता जाता वाचली. दोन भाग जिथे एकमेकांना जुळतात, तो सांधा कोणाच्या मालकीचा, हाच या इतिहासातला खरा वाद आहे.

३/२४
वादाची पहिली ठिणगी १९७७ची. अ‍ॅपल-२ संगणक आकाराला येत होता. स्टीव्ह जॉब्स यांच्या मते त्यात जादा कार्डांसाठी दोन खाचा पुरेशा होत्या : एक प्रिंटरसाठी, दुसरी मोडेमसाठी. स्टीव्ह वॉझनियॅक आठ खाचांवर अडून बसले आणि त्यांचेच खरे झाले. लोकांनी त्या आठ खाचांत निर्मात्यांनी कल्पनाही केली नसेल अशी कार्डे बसवली. १९८४चा मॅकिन्टॉश मात्र बंद पेटीसारखा आला. १२८ किलोबाइट मेमरी, आणि आत कार्डासाठी एकही खाच नाही.

४/२४
आता आयबीएम. ही कंपनी आपल्या यंत्रांचा बहुतेक प्रत्येक भाग स्वतः घडवत असे. १९८०मध्ये फ्लोरिडातील बोका रॅटन येथील एका छोट्या चमूला सुमारे वर्षभरात वैयक्तिक संगणक तयार करण्याचे काम मिळाले. डॉन एस्ट्रिज त्याचे प्रमुख होते. सगळे घरात घडवायला वेळ नव्हता, म्हणून चमूने बाजारातले तयार भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. मूळ किंमत १,५६५ डॉलर, मूळ मेमरी १६ किलोबाइट, आणि जादा कार्डांसाठी पाच खाचा.

५/२४
आयबीएमने या संगणकाची तांत्रिक पुस्तिकाही छापली. तीत विद्युतमंडलांचे आराखडे होते, इतकेच नव्हे तर बायोसची संपूर्ण आज्ञावलीही होती. बायोस म्हणजे संगणक सुरू होताच प्रथम जागा होणारा, एका चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्राम. बाकीचे भाग कोणीही विकत घेऊ शकत होते. आयबीएमच्या मालकीचा महत्त्वाचा सांधा तेवढा हा एकच. तो छापून प्रसिद्ध करण्यात एक पेचही होता. ज्याने ती पाने वाचली, त्याच्यावर नक्कल केल्याचा आरोप सहज ठेवता येई.

६/२४
हा पेच ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने सोडवला. तिचे संस्थापक रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो हे तिघेही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेले. कंपनीने अभियंत्यांचे दोन गट केले. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काम करतो याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ आज्ञावली कधीही न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा बायोस रचला. काम तेच, अक्षर वेगळे. कायद्याला बोट ठेवायला जागा उरली नाही. १९८३मध्ये कॉम्पॅकचा संगणक विक्रीला आला आणि पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री ११ कोटी डॉलरच्या वर गेली.

७/२४
सर्वांनाच हे साधले नाही. १९८४मध्ये आयबीएमने बायोसच्या नकलेवरून कोरोना आणि ईगल या कंपन्यांना कायद्याने गाठले, आणि दोघींनाही माघार घ्यावी लागली. परंतु त्याच वर्षी फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने स्वच्छ रीतीने लिहिलेला बायोस कोणालाही परवान्यावर विकायला सुरुवात केली. शेवटचे कुलूपही उघडले. आता मदरबोर्ड एकाचा, बायोस दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची, अशी जुळणी करून कोणीही संगणक उभा करू शकत होता.

८/२४
प्रोसेसरचा सांधाही एकाच्या हाती राहिला नाही, याचे श्रेय पुन्हा आयबीएमच्या सावधपणाला. महत्त्वाचा भाग एकाच पुरवठादाराकडून घ्यायचा नाही, असा तिचा आग्रह होता. म्हणून १९८२मध्ये इंटेलने एएमडीला आपले प्रोसेसर बनवण्याचा परवाना दिला. पुढे ३८६च्या वेळी इंटेलने हात आखडता घेतला आणि दोन्ही कंपन्यांत दीर्घ कायदेशीर झगडा जुंपला. १९९१मध्ये एएमडीने स्वतःचा ३८६ आणला. इंटेलचा ३८६ ३३ मेगाहर्ट्झवर थांबला होता. एएमडीने ४० गाठले. ग्राहकाला पर्याय मिळाला.

९/२४
हातून निसटलेला संगणक परत मिळवण्यासाठी आयबीएमने एप्रिल १९८७मध्ये पीएस/२ ही मालिका आणली. तिच्यातील कार्डांची खाच नवी होती : मायक्रो चॅनेल. तांत्रिकदृष्ट्या ती खरोखर सरस होती. परंतु जुने एकही कार्ड तिच्यात बसत नव्हते, आणि ती वापरू इच्छिणाऱ्या इतर कंपन्यांना आयबीएमला परवान्याचे पैसे मोजावे लागणार होते. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की जमवलेली जुनी कार्डे अडगळीत टाकावीत आणि नवी एकाच दारातून घ्यावीत.

१०/२४
सप्टेंबर १९८८मध्ये नऊ कंपन्या एकत्र आल्या. कॉम्पॅक, एएसटी, एप्सन, एचपी, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, वाईज आणि झेनिथ. त्यांनी ईआयएसए नावाची खाच जाहीर केली. तिची खुबी अशी, की नव्या कार्डांबरोबर जुनी कार्डेही तिच्यात बसत. ईआयएसए स्वतः महागच राहिली आणि मुख्यतः सर्व्हरपुरती उरली. पण मायक्रो चॅनेलची वाट अडवण्याचे काम तिने केले. गंमत म्हणजे पीएस/२ची छोटी गोल की-बोर्ड खाच मात्र पुढे कित्येक वर्षे टिकली. तिच्यावर कोणी अडवणूक केली नव्हती.

११/२४
एव्हाना ‘अपग्रेड’ हाच एक व्यापार झाला होता. १९९१मध्ये इंटेलने ४८६एसएक्स विकला. त्यात गणिती विभाग बंद केलेला होता. तो हवा असल्यास बोर्डावरील रिकाम्या सॉकेटात ४८७एसएक्स बसवायचा. हा ४८७ प्रत्यक्षात संपूर्ण ४८६च होता. तो बसताच जुना प्रोसेसर निष्क्रिय होई आणि सर्व काम नवाच करी. ग्राहक ज्याला पुरवणी समजून पैसे देत होता, तो दुसरा अख्खा प्रोसेसर होता.

१२/२४
तथापि १९९२मध्ये आलेल्या डीएक्स-२ने मोठा गुणही दाखवला. बोर्ड ३३ मेगाहर्ट्झवरच चाले, प्रोसेसर मात्र आतल्या आत दुप्पट, म्हणजे ६६वर. ही सोय ओव्हरड्राइव्ह या नावाने जुन्या बोर्डांसाठीही मिळू लागली. बोर्डाचा वेग आणि प्रोसेसरचा वेग यांची गाठ सुटली. दोघांमध्ये एक गुणक आला. बोर्डाचा वेग गुणिले गुणक, म्हणजे प्रोसेसरचा वेग. हे साधे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण सेलेरॉनचा सारा चमत्कार याच गुणाकारात दडला होता.

१३/२४
मेमरीचे भाव हा आणखी एक धडा. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधील नीहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या विशेष रेझिनचा मोठा हिस्सा तिथून येत असे. टंचाईच्या भीतीने मेमरीचे भाव झपाट्याने चढले. २०११मध्ये थायलंडच्या महापुरात कारखाने बुडाले, तेव्हा हार्ड डिस्कची तीच गत झाली. सुटे भाग घेणाऱ्याचे अंदाजपत्रक दूरच्या एखाद्या गावातील आगीवर किंवा पावसावर अवलंबून असू शकते.

१४/२४
१९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्डाचे प्रमाण माप प्रसिद्ध केले. बोर्ड ३०.५ × २४.४ सेंटिमीटर, स्क्रूची भोके ठरलेल्या जागी, वीज एकाच जोडणीतून. त्याआधी बोर्डाला विजेच्या दोन सारख्या दिसणाऱ्या जोडण्या लावाव्या लागत. त्यांची अदलाबदल झाली की बोर्ड जळे. म्हणून ‘काळ्या तारा शेजारी शेजारी’ हा जोडणाऱ्यांचा पाठांतराचा मंत्र होता. एटीएक्सने तो इतिहासजमा केला. कॅबिनेट टिकवून बोर्ड बदलण्याची आजची सोय याच मापाची देणगी आहे.

१५/२४
याच सुमारास सॉकेट-७ आले आणि स्वस्त सुधारणेचे सुगीचे दिवस सुरू झाले. एकाच बोर्डावर इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-५ व के-६, सायरिक्सचा ६x८६ किंवा आयडीटीचा विनचिप बसवता येई. बोर्डावरील जंपर योग्य जागी लावायचे, खटका उचलून जुना प्रोसेसर काढायचा, नवा ठेवायचा. चार कंपन्या एकाच सांध्यासाठी झगडत होत्या आणि त्या झगड्याचा फायदा ग्राहकाच्या पदरात पडत होता.

१६/२४
मे १९९७मध्ये पेंटियम-२ आणताना इंटेलने हा सांधाच सोडून दिला. नवा प्रोसेसर एका लांबट पेटीत बंद होता आणि तो स्लॉट-१ नावाच्या खाचेत उभा बसे. कॅश मेमरीच्या चिपा जवळ ठेवण्यासाठी हे सोयीचे होते, हे खरे. परंतु ही खाच पेटंटने राखलेली असल्याने प्रतिस्पर्ध्यांना दार बंद झाले, हेही तितकेच खरे. एएमडीने जुने सॉकेट-७ १०० मेगाहर्ट्झपर्यंत नेऊन जगवले. स्वस्त संगणकाची बाजारपेठ तिच्याकडे वळू लागली.

१७/२४
त्या बाजारपेठेसाठी इंटेलने एप्रिल १९९८मध्ये सेलेरॉन आणला. खर्च वाचवण्यासाठी त्यातील दुसऱ्या पातळीची कॅश सरळ काढून टाकली होती. कॅश म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा. मुख्य मेमरी म्हणजे कोठीची खोली. डबाच नसेल तर चिमूटभर हळदीसाठीही कोठीत हेलपाटा. कार्यालयीन कामात हा प्रोसेसर इतका रखडला की त्याची सर्वत्र टिंगल झाली. इंटेलला घाईने चूक दुरुस्त करावी लागली, आणि त्या दुरुस्तीचे नाव होते सेलेरॉन ३००ए.

१८/२४
या नव्या चिपमध्ये १२८ किलोबाइट कॅश होती. पेंटियम-२मध्ये ५१२. मात्र पेंटियम-२ची कॅश वेगळ्या चिपांत असून प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चाले; सेलेरॉनची कॅश प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली असल्याने ती पूर्ण वेगाने धावे. डबा लहान, पण अगदी हाताशी. आता गुणाकार पाहावा. सेलेरॉन : ६६ मेगाहर्ट्झचा बोर्ड, गुणक ४.५, वेग ३००. पेंटियम-२ : १०० मेगाहर्ट्झचा बोर्ड, गुणक ४.५, वेग ४५०. गुणक तोच.

१९/२४
इंटेलने गुणकाला कुलूप घातले होते. बोर्डाचा वेग मात्र बोर्डाच्या हाती होता, आणि बोर्ड इतर कंपन्या बनवत होत्या. अबिटच्या बीएच-६ या बोर्डावर तो वेग बायोसमध्ये जाऊन बदलता येई. ६६च्या जागी १०० निवडले की १४९ डॉलरची चिप ४५० मेगाहर्ट्झवर चाले. इतर काही बोर्डांवर लोकांनी प्रोसेसरच्या बी-२१ या टोकावर चिकटपट्टी लावून तोच परिणाम साधला. अनेक कामांत ही जोडी ६६९ डॉलरच्या प्रोसेसरच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

२०/२४
प्रत्येक चिप ४५०ला टिकत नसे. काहींना जादा व्होल्टेज लागे, काहींना मोठा पंखा, काही मुळीच दाद देत नसत. आणि हमी तर पहिल्याच प्रयोगाला संपे. तरीही मोठ्या प्रमाणावर हे साधले, ते वेगवेगळ्या हातांनी बनवलेला बोर्ड, प्रोसेसर आणि १०० मेगाहर्ट्झची मेमरी एकाच ठरलेल्या सांध्यांवर जुळत असल्यामुळे. १९८१च्या घाईने आणि १९८३च्या स्वच्छ बायोसने उघडलेले दार इथपर्यंत आले होते. साऱ्या यंत्राचा मालक एकच असता, तर ६६च्या जागी १०० निवडण्याची सोय देणारा बोर्ड निघालाच नसता.

२१/२४
हे दार भारतात उशिरा, पण रुंद उघडले. १९८४च्या संगणक धोरणाने आयातीवरील बंधने सैल झाली. १९९७मध्ये भारत जागतिक माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि संगणक व त्याच्या बहुतेक भागांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने २००५पर्यंत शून्यावर आले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा ग्रँट रोडजवळचा रस्ता आज अधिकृतपणे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. पण भागांची यादी लिहिलेली चिठ्ठी घेऊन दुकानामागून दुकान कोटेशन मागत फिरणाऱ्यांसाठी तो लॅमिंग्टन रोडच राहिला. ‘ब्रँडेड’च्या तोडीस तोड ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठी घरांत रुळला.

२२/२४
सारीच काटकसर फळत नाही. २०००नंतरच्या काही वर्षांत जगभर असंख्य बोर्डांवरील कपॅसिटर फुगून फुटू लागले. आतील रसायन सदोष होते. एकट्या डेल कंपनीला २००५मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलर बाजूला ठेवावे लागले. पैशांनी मोजल्यास हा संगणकातला अगदी क्षुल्लक भाग. पण वीज स्थिर ठेवण्याचे काम त्याचे. म्हणूनच जाणते लोक पॉवर सप्लायवर पैसे वाचवत नाहीत. तिथला बिघाड शेजारच्या भागांनाही घेऊन बुडतो.

२३/२४
अलीकडचा अध्याय एएमडीच्या एएम-४ सॉकेटचा. २०१७मध्ये रायझेन प्रोसेसर त्यावर आले. मे २०२०मध्ये कंपनीने सांगितले की येणारी पिढी फक्त नव्या बोर्डांवर चालेल. कारण दिले ते बायोस साठवणाऱ्या चिपच्या अपुऱ्या जागेचे. ग्राहकांनी इतका निषेध केला की दोन आठवड्यांच्या आत कंपनीने बी-४५० आणि एक्स-४७० बोर्डांसाठी निर्णय फिरवला. २०२२मध्ये त्याहूनही जुन्या बोर्डांना मुभा मिळाली. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डावर ५८००एक्स३डी बसू लागला. त्याचे बळ कशात? ९६ मेगाबाइटच्या कॅशमध्ये. ओट्यावरचा डबा पुन्हा कामी आला.

२४/२४
मोजक्या पैशांत डेस्कटॉप सुधारणाऱ्याचा क्रम या इतिहासातूनच ठरतो. आधी बोर्ड पाहावा : त्याचे सॉकेट कोणते, त्याचा बायोस कोणकोणते प्रोसेसर ओळखतो, मेमरी कोणत्या पिढीची. मग पॉवर सप्लाय. त्यानंतर नेमके काय अडते ते शोधावे. पुष्कळदा प्रोसेसर निर्दोष असतो आणि जुनी हार्ड डिस्क रखडत असते. २००३पासूनच्या साटा जोडणीमुळे तिच्या जागी एसएसडी सहज बसते. आज अनेक लॅपटॉपांत, काही छोट्या डेस्कटॉपांतही, मेमरी बोर्डावरच कायमची जडवलेली असते. तिथे या यादीतले बरेचसे प्रश्न विचारताच येत नाहीत. ज्या यंत्रात ते अजून विचारता येतात, ते यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्याचे झाकण एकदा उघडून पाहावे.

(समाप्त)